‘जाणावे’ हे क्रियापद आणि नाते : इंग्लंडमधील प्राथमिक शाळांसाठीच्या एका मार्गदर्शिकेची चिकित्सा

इंग्लंडच्या शिक्षणखात्याने जून २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली नातेसंबंध, लैंगिकता आणि आरोग्य यांच्या शिक्षणाची वैधानिक मार्गदर्शिका ही वाङ्मयकृती नव्हे, आणि तसा तिचा दावाही नाही. तथापि ज्या लेखनाच्या आधारे एका देशातील पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना मैत्री म्हणजे काय, कुटुंब कशाला म्हणावे, आपल्या शरीरावर सत्ता कोणाची, हे शिकवावयाचे ठरते, ते लेखन भाषेच्या अंगाने तपासून पाहणे अप्रस्तुत ठरू नये. तिच्या अंमलबजावणीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिची वाक्यरचना मात्र बहुधा कार्यालयीन म्हणून सोडून देण्यात येते. आमच्या मते या मार्गदर्शिकेचे खरे बळ आणि तिचे खरे अपयश ही दोन्ही एकाच क्रियापदातून उद्भवतात. ते क्रियापद म्हणजे ‘जाणणे’.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. २००० सालापासून अमलात आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात प्राथमिक शाळांसाठी व्यक्तिगत, सामाजिक व आरोग्यविषयक शिक्षणाचा एक आराखडा होता, परंतु तो ऐच्छिक होता. २००९ साली सर अॅलस्डेर मॅक्डॉनल्ड यांच्या अहवालाने हा विषय सक्तीचा करण्याची शिफारस केली. त्यासाठीची कलमे विधेयकात आलीही. पण २०१० च्या निवडणुकीपूर्वीच्या घाईगर्दीत ती गळून पडली. पुढे २०१७ च्या ‘मुले व समाजकार्य’ कायद्याने प्राथमिक शाळांत नातेसंबंधांचे शिक्षण सक्तीचे करण्याचा मार्ग मोकळा केला, आणि सप्टेंबर २०२० पासून ते, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळांत आरोग्यशिक्षणासह, सक्तीचे झाले. महासाथीमुळे पहिल्या वर्षी शाळांना काही महिन्यांची सवलत मिळाली, एवढेच. येथे एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. ज्या व्यापक विषयाच्या छत्राखाली ही दोन्ही अंगे येतात, तो विषय स्वतः ऐच्छिकच राहिला. छत्री ऐच्छिक आणि तिच्या दोन काड्या सक्तीच्या, अशी ही व्यवस्था आहे.

मार्गदर्शिकेतील प्राथमिक शाळांचा भाग कोष्टकांच्या रूपात आहे. कुटुंब व आपली काळजी घेणारी माणसे, जिव्हाळ्याची मैत्री, आदरयुक्त संबंध, आंतरजालावरील संबंध आणि सुरक्षितता अशी पाच शीर्षके, आणि प्रत्येकासमोर प्राथमिक शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्याने काय जाणले पाहिजे याची यादी. सगळी यादी त्या एका ‘जाणावे’वर टांगलेली आहे. मैत्रीने सुख व सुरक्षितता लाभते हे जाणावे. परस्परांविषयी आदर, खरेपणा, विश्वासार्हता, निष्ठा, दयाळूपणा, औदार्य ही मैत्रीची लक्षणे होत हे जाणावे. मैत्रीत चढउतार येतात, ते बहुधा निभावून नेता येतात आणि त्यातून मैत्री अधिक दृढही होऊ शकते, हेही जाणावे.

या विधानांपैकी एकही खोटे नाही. आक्षेप त्यांच्या सत्यतेविषयी नसून त्यांच्या उपयोगाविषयी आहे. काल ज्याच्यासोबत डबा खाल्ला त्याने आज दुसऱ्या बाकावर जागा धरली, अशा आठ वर्षांच्या मुलाला मैत्रीत चढउतार असतात हे माहीत नसते असे नाही. ते त्याला त्या क्षणी आपल्या सर्वांहून अधिक माहीत असते. त्याला हवे असते ते वेगळेच काही. मराठीत या ‘वेगळ्या’साठी शब्द आहेत. आपल्याकडे मुलाला एखादी गोष्ट माहीत असते, कळते, समजते, उमगते, जाणवते. आणि ही क्रियापदे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. माहिती मिळते, पण जाण येते. ‘समजूत’ या शब्दात तर आकलन आणि सांत्वन ही दोन्ही एकत्र नांदतात, म्हणून रडणाऱ्या मुलाची आपण समजूत घालतो. इंग्रजी मार्गदर्शिकेने आपल्या भाषेतील जे क्रियापद निवडले, ते या सगळ्या छटांना एकाच मापात कोंबते. विषयाच्या नावातच असलेल्या ‘नातेसंबंध’ या कल्पनेचेही असेच आहे. तिच्यासाठी योजलेल्या इंग्रजी शब्दात रक्ताचे नाते, स्नेह, सोबत आणि दाम्पत्य हे सारे बसते. मराठीत नाते बहुधा जन्माने येते, स्नेह जोडावा लागतो आणि ‘संबंध’ हा शब्द विशेषणाशिवाय एकटा फिरू लागला की लोक कान टवकारतात. म्हणून या विषयाचे नाव मराठीत आणताना जोडशब्दाचा आधार घ्यावा लागतो, आणि तो घेतल्यावर ध्यानात येते की ज्या विविध गोष्टी एका शब्दाखाली एकवटल्या आहेत, त्या एकाच पद्धतीने शिकविता येतील असे मुळीच नाही.

मार्गदर्शिकेचे कर्ते या अडचणीविषयी अगदीच अनभिज्ञ असावेत असे वाटत नाही. सुरक्षिततेच्या यादीत एक कलम असे आहे की गैरवर्तनाविषयी तक्रार कशी करावी हे आणि त्यासाठी लागणारे शब्द व आत्मविश्वास विद्यार्थ्याने जाणावेत. येथे व्याकरण उघड उघड मोडले आहे. शब्द जाणता येतात; आत्मविश्वास जाणता येत नाही, तो असावा लागतो. यादीच्या सुरुवातीला लावलेले क्रियापद शेवटच्या नामापर्यंत पोचता पोचता धापा टाकते. संपादकाने हे वाक्य सुधारले असते तर ते निर्दोष झाले असते, पण मग त्यातली खरी गरज नाहीशी झाली असती. संपूर्ण कोष्टकात कर्त्यांचा हेतू त्यांच्या पद्धतीच्या पुढे निसटलेला जर कोठे दिसत असेल, तर तो या मोडक्या वाक्यात.

सुरक्षिततेचा हा भाग म्हणजे सबंध मार्गदर्शिकेतील सर्वोत्कृष्ट भाग होय, असे आम्हांला निःसंकोचपणे म्हणावेसे वाटते. प्रत्येकाचे शरीर त्याचे स्वतःचे असते. कोणता स्पर्श योग्य व कोणता अयोग्य यात भेद आहे. सुरक्षिततेशी निगडित गुपित पाळणे नेहमीच बरोबर नसते. एखाद्या मोठ्या माणसाविषयी मनात वाईट वाटू लागले तर ते ओळखावे व सांगावे. आणि आपले म्हणणे ऐकले जाईपर्यंत सांगत राहावे. ही खरोखरच माहिती आहे, आणि येथे माहितीच सामर्थ्य देते. ज्या मुलाला आपल्यावर काय ओढवले त्याचे नाव ठाऊक नाही, त्याला ते सांगता येत नाही. आणि सांगता न येणे हेच अत्याचार करणाऱ्याचे मोठे संरक्षण असते. मैत्रीच्या प्रकरणात जे क्रियापद पोकळ वाटते, तेच येथे भरीव होते. ‘गुपित पाळू नये’ हे मुलाने केवळ जाणले तरी त्याच्या हाती एक कवाड उघडण्याची किल्ली येते.

असे असूनही २०१९ च्या मार्गदर्शिकेने याच ठिकाणी कच खाल्ली. ‘लागणारे शब्द’ म्हणजे कोणते शब्द, हे तिने सांगितले नाही. शरीराच्या गुप्त मानलेल्या अवयवांची नावे तेथे नव्हती. राष्ट्रीय अभ्यासक्रमातील विज्ञानाच्या पहिल्या इयत्तेत मुलांनी मानवी शरीराचे मुख्य भाग ओळखावे, त्यांची नावे सांगावी आणि आकृतीत दाखवावे, असे आहे. परंतु त्या आकृतीत कोठे थांबावयाचे हे शाळेवर सोपविलेले. या संकोचाचा मराठी वाचकाला अर्थ लावून सांगावा लागणार नाही. आपल्याकडे या अवयवांसाठी मुलाच्या कानावर तीन तऱ्हेचे शब्द येतात: घरातले बोबडे, रस्त्यावरच्या शिवीतले आणि वैद्यकाच्या पुस्तकातले संस्कृत. यांपैकी पहिले घराबाहेर कळत नाहीत, दुसरे उच्चारल्याबद्दल मार बसतो आणि तिसरे मुलापर्यंत पोचतच नाहीत. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून प्रौढ वाचकांसाठी या विषयाला छापील मराठीत जागा मिळवून दिली, त्याची किंमतही न्यायालयात मोजली. बालवयासाठी तसे कोणी केलेले नाही.

जुलै २०२५ मध्ये इंग्लंडच्या शिक्षणखात्याने सुधारलेली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ती सप्टेंबर २०२६ पासून लागू करण्याचे ठरले. तीत शरीराच्या गुप्तांगांची नेमकी नावे प्राथमिक स्तरावर यावीत असे स्पष्ट नमूद झाले. मध्यंतरी २०२४ च्या मसुद्यात कोणता विषय कोणत्या वयापूर्वी काढू नये याच्या ठाम मर्यादा घालण्याचा विचार होता. अंतिम संहितेत त्या तशा राहिल्या नाहीत. नावांच्या बाबतीतली ही दुरुस्ती योग्यच आहे. माहितीने जे काम होते, तेथे माहिती पुरती द्यावी.

आमच्या या मताला एक जुना आधारही आहे. ऑफस्टेड या शालेय तपासणी करणाऱ्या संस्थेने २०१३ साली या विषयाच्या अध्यापनावर अहवाल दिला, त्यात ४० टक्के शाळांतील काम सुधारणेस पात्र अथवा अपुरे ठरले. प्राथमिक शाळांविषयीचे त्यातील निरीक्षण मार्मिक आहे: तेथे मैत्री व संबंध यांवर इतका भर दिला जातो की वयात येतानाच्या शारीरिक व भावनिक बदलांसाठी मुले तयारच होत नाहीत. याचा अर्थ उघड आहे. अवघड माहिती टाळण्यासाठी शिक्षकाला मैत्री हा सोयीचा आडोसा सापडला. मऊ विषयाने कठीण विषय गिळला. तेव्हा मैत्रीवरील धड्यांविषयी आम्ही जी शंका घेतो ती केवळ साहित्यिक अभिरुचीची बाब आहे, असे कोणी समजू नये. पहिल्या पाळीच्या दिवशी शाळेच्या स्वच्छतागृहात घाबरून बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीशी तिचा थेट संबंध आहे.

या कठीण विषयाची वाटणीही चमत्कारिक झाली आहे. वयात येण्याचे बदल व मासिक पाळी ही आरोग्यशिक्षणात येतात, म्हणून सक्तीची. विज्ञानाच्या पाचव्या इयत्तेत वनस्पती व काही प्राणी यांच्या प्रजननाची प्रक्रिया येते; तीही टाळता येत नाही. परंतु त्यापलीकडे मानवी गर्भधारणेविषयी शाळेने काही शिकवायचे ठरविले, तर ते लैंगिक शिक्षण ठरते. प्राथमिक शाळेत ते ऐच्छिक आहे आणि त्यातून पाल्याला वगळावे अशी मागणी पालकाने केली तर मुख्याध्यापकाला ती मानावी लागते. म्हणजे मुलीला पाळी येते हे शिकावयाचे, फुलात परागण होते हे शिकावयाचे, आणि या दोहोंना जोडणारे वाक्य मात्र पालकांच्या मर्जीवर. राजकीय तडजोड म्हणून हे समजण्यासारखे आहे. शिक्षणाची रचना म्हणून ते समर्थनीय नाही. कारण जेथे ‘जाणणे’ हे क्रियापद सर्वांत प्रामाणिकपणे वापरता आले असते, तेथेच ते मागे घेतले गेले.

आता दुसरी बाजू. जे केवळ माहितीने साधत नाही, ते शिकविण्याचे साधन कोणते? या प्रश्नाला इंग्लंडमध्ये यापूर्वी एक उत्तर देऊन झाले होते. २००५ पासून प्राथमिक शाळांत ‘शिक्षणाची सामाजिक व भावनिक अंगे’ या नावाचा एक उपक्रम चालला. त्यात आत्मभान, भावनांचे नियमन, प्रेरणा, सहानुभाव व सामाजिक कौशल्ये अशी पाच अंगे कल्पिली होती, आणि नवी सुरुवात, भांडण व सलोखा, बदल अशा सात विषयांभोवती वर्षाची आखणी केलेली होती. कॅथरिन एकलस्टोन व डेनिस हेज या लेखकद्वयाने ‘द डेंजरस राइज ऑफ थेरप्यूटिक एज्युकेशन’ या ग्रंथात अशा उपक्रमांवर कठोर टीका केली. शाळा उपचारगृहे बनत आहेत व मुलांना स्वतःकडे दुबळे म्हणून पाहावयास शिकविले जात आहे, असा त्यांचा आरोप. तो अतिव्याप्त आहे. दुःखाला नाव देता आल्याने मूल दुबळे होते, हे त्यांनी गृहीत धरले आहे, सिद्ध केलेले नाही. तथापि भावना हे एक मोजता येणारे कौशल्य मानले की शिक्षक भावनेऐवजी तिच्या प्रदर्शनाला गुण देऊ लागतो, हा त्यांच्या युक्तिवादातून निघणारा इशारा डावलता येत नाही. २०१९ च्या मार्गदर्शिकेतील कोरडे ‘जाणावे’ हे या वादानंतर आलेले सावध क्रियापद म्हणून वाचले, तर त्याच्याविषयी थोडी सहानुभूतीही वाटते.

दुसरे साधन म्हणजे गोष्ट. आणि या विषयाच्या इतिहासात गोष्टीची भूमिका मोठी उद्बोधक आहे. १९८३ साली सुझॅन बोशे या डॅनिश लेखिकेच्या एका बालपुस्तकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. ‘जेनी लिव्ह्ज विथ एरिक अँड मार्टिन’ हे त्याचे नाव. जेनी, तिचे वडील आणि त्यांचा साथीदार यांच्या घरातील साधे नित्याचे व्यवहार त्यात कृष्णधवल छायाचित्रांतून दाखविलेले आहेत. या पुस्तकावरून उठलेले वादळ १९८८ च्या स्थानिक शासन कायद्यातील कलम २८ पर्यंत पोचले. समलिंगी संबंध हे कुटुंबाचे एक मान्य रूप आहे असे शाळांतून शिकविण्यास स्थानिक संस्थांनी उत्तेजन देऊ नये, असे ते कलम होते. इंग्लंडमध्ये ते २००३ साली रद्द झाले. त्यानंतर सोळा वर्षांनी, २०१९ मध्ये, बर्मिंगहॅम शहरातील पार्कफील्ड व अँडर्टन पार्क या प्राथमिक शाळांच्या दारांत पालकांची निदर्शने झाली. पार्कफील्डमध्ये तेथील सहायक मुख्याध्यापक अँड्र्यू मोफट यांनी ‘नो आउटसायडर्स’ नावाचा उपक्रम चालविला होता. त्याचे मुख्य साधन होते चित्रकथांची पुस्तके. आपल्या श्रद्धेशी व मुलांच्या वयाशी हे विसंगत आहे, असे निदर्शक पालकांचे म्हणणे होते. त्यांत मुस्लिम पालक बहुसंख्य होते. २०१० च्या समता कायद्याने सांगितलेलेच आम्ही शिकवतो, असे शाळेचे म्हणणे. मार्च २०१९ मध्ये ते पाठ स्थगित झाले व पुढे बदललेल्या रूपात सुरू झाले. अँडर्टन पार्कच्या प्रकरणी नोव्हेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने शाळेभोवतालच्या निदर्शनांना कायमची मनाई केली. शाळेतील अध्यापनाचे विपर्यस्त चित्र रंगविले गेले होते असेही न्यायाधीशांनी नमूद केले.

दोन्ही वेळा वाद पेटला तो गोष्टीवरून, हे लक्षणीय नाही काय? विवाहासंबंधी मार्गदर्शिकेचे म्हणणे असे की विवाह ही दोन व्यक्तींनी परस्परांशी केलेली, कायद्याने मान्य आणि आजन्म टिकावी अशा हेतूची बांधिलकी आहे. ‘दोन व्यक्ती’ असे म्हणून कोष्टक पुढे सरकते; त्या दोघी किंवा दोघे समलिंगी असू शकतात, २०१३ च्या कायद्याने ते मान्य केले आहे, हे सांगण्याचे काम तळटिपेकडे आहे. तळटीप वाचून कोणी निदर्शने करीत नाही. चित्रकथेत दोन आया एकाच मुलीची वेणी घालताना दिसल्या की निदर्शने होतात. विधान मान्य करता येते किंवा विसरता येते. गोष्ट मुलाला त्या घरात नेऊन बसविते. पालकांना गोष्टीची भीती वाटली यात त्यांनी गोष्टीच्या सामर्थ्याचे अचूक मापन केले होते, असे साहित्याच्या अभ्यासकाला तरी मान्य करावे लागेल. गोष्टीत काय आहे याविषयीचा त्यांचा समज चुकीचा होता, ही बाब निराळी.

मार्गदर्शिकेचा सर्वांत गंभीर दोष येथे दिसतो. समलिंगी, उभयलिंगी व पारलिंगी व्यक्तींविषयीचा आशय योग्य वेळी शिकविला जाईल अशी अपेक्षा ती व्यक्त करते. ती वेळ कोणती, हे शाळेने ठरवावे असेही म्हणते. पालकांशी विचारविनिमय करावा, परंतु त्यांना नकाराधिकार नाही. प्रत्येक वाक्य तोलून मापून लिहिलेले आहे, आणि सगळा तोल अखेरीस एका मुख्याध्यापिकेच्या खांद्यावर येतो. तिच्या फाटकाबाहेर ध्वनिक्षेपक लागलेले असतात आणि आत सहा वर्षांची मुले वाचत असतात. ज्या बाबतीत शासनाला स्वतः निश्चित बोलावयाचे नव्हते, तेथे त्याने ‘शाळेचा विवेक’ हा शब्दप्रयोग वापरला. विवेकाची महती आम्हांलाही मान्य आहे. पण विवेकाचे ओझे दुसऱ्यावर टाकून आपण मोकळे होणे याला विवेक म्हणत नाहीत.

गोष्टीविषयी मार्गदर्शिका जवळजवळ मौन पाळते, हा योगायोग मानणे कठीण आहे. कोष्टकाला गोष्ट पेलत नाही. गोष्टीतून मूल काय ‘जाणेल’ हे आधी लिहून देता येत नाही. २०२५ च्या सुधारणेत वियोग व मृत्यू यांमुळे होणाऱ्या दुःखाचा समावेश झाला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. २०१९ च्या प्राथमिक यादीत आजी वारलेल्या मुलासाठी एकही ओळ नव्हती. परंतु दुःख ही स्वाभाविक प्रतिक्रिया होय, हेही पुन्हा जाणावयाच्या गोष्टींतच आले. दुःख स्वाभाविक आहे हे सांगितल्याने काही मुलांना आधार मिळेल, हे आम्ही नाकारीत नाही. पण वर्गात त्या तासाला शिक्षिका कोष्टकातील वाक्य वाचून दाखविणार की कपाटातून एखादे पुस्तक काढणार, यावर त्या कलमाचे सगळे भवितव्य अवलंबून राहील, आणि ते कपाट भरलेले असावे अशी तरतूद संहितेत आढळत नाही.

राहिला एक मुद्दा, जो आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऐकले जाईपर्यंत सांगत राहावे, हे कलम आम्ही वर प्रशंसापूर्वक उद्धृत केले. त्याचे व्याकरण पुन्हा पाहावे. सांगणारा कर्ता आहे मूल. ‘ऐकले जाणे’ हे मात्र कर्मणी आहे; ऐकणारा वाक्यात नाही. पहिल्यांदा सांगितले तेव्हा ज्याने ऐकले नाही तो कोण, त्याचे पुढे काय व्हावे, दुसऱ्यांदा सांगण्याचे बळ सात वर्षांच्या मुलाने कोठून आणावे, याचा त्या यादीत पत्ता नाही. ऐकणाऱ्याची कर्तव्ये ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ या वेगळ्या शासकीय दस्तऐवजात आहेत. तो २०१४ साली निघाला आणि तेव्हापासून वेळोवेळी सुधारला जातो. शाळेतील कर्मचाऱ्यांनी त्याचा ठराविक भाग वाचावा असा नियम आहे. एका पुस्तकात सांगणारे मूल आणि दुसऱ्या पुस्तकात ऐकणारा मोठा माणूस, अशी ही विभागणी झालेली आहे. आणि मुलांच्या पुस्तकातील यादी वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकाला ‘आता तुझ्याकडेच कोणी सांगावयास येईल’ असे त्या पानावर कोठेही सांगितलेले नाही.